पायाळू

डंडीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
आयली नावाची नर्स विचारते,
शून्य ते दहा, आज किती?
मी म्हणते, सात.
सात म्हणजे नक्की केवढं
ते तिलाही माहीत नाही, मलाही.

कागदावर चार चौकटी :
जळजळ, मुंग्या, बधिरपणा, विजेचा झटका.
माझ्याकडे याहून जास्त ऐवज आहे.
मानेत रग, खांद्यात ठणका,
दंडातून मनगटापर्यंत उतरणारी सणक,
आणि अंगठ्यात रात्रभर शिवशिव,
जसं कुणी आत बसून सुईत दोरा ओवतंय
आणि ओवला जात नाहीये.
यातलंच एक निवडा, आयली म्हणते.
मी वीज निवडते.

एकतीस वर्षं दात केले मी.
दुसऱ्यांचे. आधी मेणात, मग पोर्सेलिनमध्ये,
दिव्याखाली मान घालून.
या गावच्या बऱ्याच हसण्यात माझा हात आहे.
दुकानात कुणी मोकळं हसलं
की मी अजून आधी दाढा बघते.
मान वर करायला सवड नव्हती.
आता करावी तर नस सापडते
पाचव्या आणि सहाव्या मणक्यात,
दारात बोट सापडावं तशी.

डॉक्टर म्हणाले, हे औषध खरं तर उदासीवरचं.
मी म्हटलं, मी उदास नाही, माझी मान दुखते.
त्यांनी पाकिटाच्या पाठीवर रेघ ओढली :
ही मेंदूतून खाली येणारी वाट, हे वाटेवरचे पहारेकरी.
कळ वर निघाली की ते तिला अडवतात.
औषध त्यांना जागं ठेवतं.
निदान असा आमचा अंदाज आहे.

अंदाज म्हणाले, म्हणून मी सही केली.

बसमध्ये लक्षात आलं,
मन आणि मान, फरक एका कान्याचा.
परत जाऊन सांगावंसं वाटलं.
पण इंग्रजीत काना कुठून आणू?

निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये औषध,
निम्म्यांच्या नुसती पूड.
कुणाच्यात काय
हे डॉक्टरांना ठाऊक नाही, आयलीला नाही.
मी नंबर एक्केचाळीस.
पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडलं,
म्हणजे खरं औषध, मी ठरवलं.
दुसऱ्यात पडेनासं झालं.
चौथ्यात एका संध्याकाळी
टे नदीवरच्या पुलावरून गाडी गेली,
मी शेवटच्या डब्यापर्यंत बघत राहिले,
आणि मग आठवलं की मान वळवली होती.

सहाव्यात साताचे चार झाले.

मी पायाळू.
आईला दोन रात्री छळून पाय आधी बाहेर काढले.
वाळव्यात कुणाच्या पाठीत उसण भरली
की मला झोपेतून उठवून न्यायचे.
बाप्या माणूस पालथा पडलेला
आणि मी सात वर्षांची, परकरातली.
डाव्या टाचेनं तीनदा.
गेली, म्हणायचे, आणि उठून बसायचे.
हातावर लिमलेटची गोळी.
टाचेत काय होतं, कुणी तपासलं नाही.
फक्त गणू तांबट एकदा
पालथाच राहून म्हणाला,
गेली नाही गं पोरी.
पण तू आलीस एवढ्या रात्री.
बरं वाटलं.
त्यानं दोन गोळ्या दिल्या.

आज शेवटची खेप.
आयली शेवटचा कागद पुढे करते.
तुम्हाला काय वाटतं, काय मिळालं तुम्हाला?
औषध. पूड. सांगता येत नाही.
तीन चौकटी.
ती थांबलीय, खिडकीबाहेर सीगल भांडतायत,
पेन माझ्या हातात आहे, अंगठा शांत,
आणि टेबलाखाली, लोकरी मोज्यात,
डावी टाच
जराशी खाजतेय.